गोमेकॉ, बांबोळी : सीमेपलीकडचे रुग्ण आणि एका अध्यापन रुग्णालयाची प्रादेशिक जबाबदारी

तिलारीकाठ (धागाकर्ता)

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात, घरातले माणूस गंभीर आजारी पडले की गावातला डॉक्टर चिठ्ठी लिहितो ती बहुधा बांबोळीची. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे आपल्या सर्वांच्या बोलण्यातल्या गोमेकॉचे, रुग्णालय पणजी ओलांडल्यावर मडगावच्या वाटेवर महामार्गाला लागूनच आहे. सावंतवाडीहून ते साठेक किलोमीटर पडते. कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळपास दुप्पट अंतरावर आहे आणि मध्ये आंबोलीचा घाट आहे, जिथे पावसाळ्यात दरड कोसळली की रुग्णवाहिका कधी पोहोचेल हे कोणालाच सांगता येत नाही. मुंबई तर सांगायलाच नको. त्यामुळे महाराष्ट्राच्या नकाशात आमचे तालुके कोठेही दाखवलेले असोत, आजारपणाच्या नकाशात ते गेल्या कित्येक पिढ्या गोव्याच्या बाजूला आहेत.

या वस्तुस्थितीला कागदावर मात्र फारसा आधार नाही. गोमेकॉ हे गोवा सरकारचे रुग्णालय आहे, त्याचे महाविद्यालय गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याचा पैसा गोव्याच्या अर्थसंकल्पातून येतो आणि त्याच्या खाटा गोव्यातल्या लोकसंख्येचा विचार करून मंजूर झालेल्या आहेत. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेण्याचा निर्णय अमलात आला तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन उभे राहिले, आणि तालुकाच गोव्यात घ्या इथपर्यंत मागणी गेली. त्या वेळी दोन्ही बाजूंनी बरेच कठोर बोलले गेले. आता त्या गोष्टीला काही वर्षे उलटली आहेत, ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि म्हणून हा विषय शांतपणे मांडावा असे वाटते.

माझा प्रश्न असा आहे की, एखादे अध्यापन रुग्णालय आपल्या राज्याच्या हद्दीबाहेरच्या लोकांसाठीही शेवटचा आधार बनलेले असेल, तर त्या भूमिकेची व्यवस्था कशी लावायची? गोव्यातल्या सभासदांनी आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

मांडवीतीर

धागा काढल्याबद्दल आभार. मी पणजीत वाढलो असल्यामुळे या संस्थेची आधीची ओळख थोडक्यात मांडतो, कारण ती समजल्याशिवाय गोंयकारांच्या, म्हणजे गोव्याच्या लोकांच्या, मनात गोमेकॉविषयी असलेली आपुलकी आणि अस्वस्थता दोन्ही कळणार नाहीत.

पणजीत १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीने वैद्यक व शल्यकर्माची शाळा सुरू केली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, म्हणजे ही शाळा त्याच्याही तीन वर्षे आधीची. जुन्या गोव्यातल्या राजेशाही इस्पितळात त्याआधीही वैद्यकाचे थोडेफार शिक्षण दिले जात असे, परंतु नियमित शाळा म्हणून गणना होते ती पणजीच्या शाळेची. कांपालला मांडवीच्या काठी मकिनेझ राजवाड्याची जी इमारत आहे, जिथे आता नोव्हेंबरमध्ये चित्रपट महोत्सवाची गर्दी असते, तिथे आणि तिच्या आवारात ही शाळा व रुग्णालय अनेक दशके होते. जुनी माणसे आजही त्या जागेला जुने गोमेकॉच म्हणतात.

या शाळेतून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला येथपर्यंत पोर्तुगीज आरोग्यसेवेत गेले. त्यांच्या पदवीला खुद्द पोर्तुगालात पूर्ण मान्यता नव्हती आणि वसाहतींतही त्यांना बहुधा दुय्यम जागा मिळत, हे दुखणे त्या पिढ्यांनी सोसले. तरीही फ्रोइलानो द मेलो यांच्यासारखे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ याच शाळेचे संचालक झाले आणि हिवताप, कुष्ठरोग, क्षय या रोगांवर त्यांनी गोव्यात केलेले काम दूरवर मान्यता पावले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ते आधी मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाल्यावर त्याच्याशी संलग्न झाले. बांबोळीच्या पठारावरचे आजचे रुग्णालय त्यानंतरचे.

हे सांगण्याचा हेतू असा की, गोमेकॉ ही आमच्यासाठी एखादी सरकारी कचेरी नाही. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत (जुन्या नावांनी आझिलो आणि हॉस्पिसियो), वाळपई-काणकोणपर्यंत आरोग्य केंद्रे आहेत, पण राज्यात सरकारी अध्यापन रुग्णालय हे एकच. इथल्या गरीब माणसाला दुसरीकडे जायला जागा नाही. वॉर्डात खाटा भरून रुग्ण खाली गादीवर किंवा ट्रॉलीवर असलेला दिसतो तेव्हा, आमच्या करातून चाललेल्या रुग्णालयात आमच्याच आईवडिलांना जागा का नाही, हा प्रश्न नातेवाइकाच्या तोंडी येतो. या प्रश्नाला संकुचितपणा म्हणून झटकून टाकू नये. शेजारच्या राज्यांनी आपल्या सीमावर्ती तालुक्यांकडे दुर्लक्ष केले आणि त्याचा भार एका लहान राज्याने उचलला, असे गोव्यातल्या सामान्य माणसाला वाटते आणि त्यात बरेच तथ्य आहे.

रात्रपाळी

मी एका अध्यापन रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम केले आहे. ते बांबोळीचे नव्हे, परंतु रचना सगळीकडे सारखीच असते, म्हणून तिच्याविषयी लिहितो. चर्चा बहुतेक वेळा खाटा आणि पैसा यांवरच अडते आणि अध्यापन या शब्दाचा अर्थ बाजूला राहतो.

जिल्हा रुग्णालय आणि अध्यापन रुग्णालय यांतला खरा फरक रात्री दोन वाजता दिसतो. जिल्हा रुग्णालयात त्या वेळी एक-दोन वैद्यकीय अधिकारी असतात आणि तज्ज्ञ बोलावल्यावर घरून येतो. अध्यापन रुग्णालयात मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, स्त्रीरोग, बालरोग, भूल अशा प्रत्येक विभागाचे पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणजे निवासी डॉक्टर, आवारातच असतात. त्यांच्या वर वरिष्ठ निवासी आणि त्यांच्या वर युनिटचे प्राध्यापक. अपघातात डोक्याला मार लागलेला, मांडीचे हाड मोडलेला आणि पोटात रक्तस्राव होत असलेला एकच रुग्ण कॅज्युअल्टीत आला, तर तीन विभागांचे डॉक्टर एका वेळी त्याच्याभोवती उभे राहू शकतात. रक्तपेढी, सीटी स्कॅन आणि प्रयोगशाळा रात्रभर चालू असतात. ही व्यवस्था पगारी तज्ज्ञ नेमून उभी करायची म्हटली तर कोणत्याही जिल्ह्याला परवडणार नाही. ती उभी राहते कारण तिथे शिकणारी माणसे आहेत, आणि शिकणारी माणसे तिथे येतात कारण तिथे रुग्ण आहेत.

इथे मांडवीतीर यांच्या मुद्द्याला मी एक जोड देऊ इच्छितो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.६ लाख आहे. एवढ्या लोकसंख्येत मेंदूशस्त्रक्रिया, हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंडविकार अशा अतिविशेष विभागांना पुरेसे आणि विविध प्रकारचे रुग्ण सतत मिळणे सोपे नसते. महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी बाह्यरुग्ण विभागातली दैनंदिन संख्या आणि भरलेल्या खाटांचे प्रमाण तपासले जाते. पदव्युत्तर जागा वाढवायच्या तर शस्त्रक्रियांची संख्या पाहिली जाते. सिंधुदुर्गचे साडेआठ लाख लोक आणि कारवारकडचा काही भाग यांची भर पडते म्हणून बांबोळीचा सर्जन एखादी दुर्मीळ शस्त्रक्रिया वर्षातून एकदा न करता अनेकदा करतो, आणि त्या सरावाचा फायदा काणकोणच्या किंवा सत्तरीच्या रुग्णालाही मिळतो. बाहेरचा रुग्ण खाट अडवतो, हे खरे आहे. त्याच रुग्णांच्या संख्येवर या रुग्णालयाचे मोठेपण काही प्रमाणात उभे आहे, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी गोष्ट उशिराची. सीमेपलीकडून येणारा रुग्ण बहुधा दोन-तीन ठिकाणी थांबून येतो. आधी गावचा दवाखाना, मग ग्रामीण रुग्णालय, मग एखादे खासगी नर्सिंग होम, आणि पैसे संपल्यावर किंवा प्रकृती हाताबाहेर गेल्यावर अध्यापन रुग्णालय. घोणस चावलेल्या माणसाला प्रतिसर्पविष पहिल्या काही तासांत मिळाले तर गोष्ट वेगळी, आणि दोन दिवसांनी लघवी बंद झाल्यावर तो आला तर डायलिसिस, अतिदक्षता विभाग आणि कित्येक दिवसांचा मुक्काम. सोबत चिठ्ठी असते, तिच्यावर "पुढील उपचारांसाठी" एवढेच लिहिलेले असते. कोणती औषधे दिली, किती वाजता दिली, रक्तदाब किती होता, यातले काही नसते. मी स्वतः अशा चिठ्ठ्या हातात घेऊन नातेवाइकांना प्रश्न विचारत बसलो आहे, आणि त्या वेळात रुग्णाची प्रकृती आणखी खालावलेली पाहिली आहे. मोफत की सशुल्क या वादापेक्षा या चिठ्ठीने अधिक माणसे गमावली असतील, असे माझे मत आहे.

याउलट चांगली व्यवस्था कशी असते याचे उदाहरण गोव्यातच आहे. तीव्र हृदयविकाराच्या झटक्यासाठी राज्यात स्टेमी प्रकल्प सुरू झाला. त्यात बाहेरच्या आरोग्य केंद्रांत ईसीजी काढतात, तो गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञाला तत्काळ पाठवला जातो, आणि त्याच्या सल्ल्याने रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या केंद्रातच दिले जाते. रुग्ण त्यानंतर बांबोळीला जातो. झटका आल्यावर हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो. त्यामुळे रुग्णाने मोठ्या रुग्णालयापर्यंत जाण्याऐवजी त्या रुग्णालयाचे ज्ञान रुग्णापर्यंत जाणे हा फार मोठा फरक आहे. ही साखळी गोवा सरकारच्या केंद्रांची आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला आलात की तीच छातीतली कळ असलेला माणूस त्या साखळीबाहेर असतो.

सह्यकडा

रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून माकडतापाची आठवण झाली. प्रदेश या शब्दाचा अर्थ त्या साथीने आम्हाला फार स्पष्टपणे शिकवला.

माकडताप, म्हणजेच क्यासनूर अरण्य रोग, हा १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडींतून माणसात येतो आणि जंगलात माकडे मरून पडू लागली की तो धोक्याचा इशारा मानतात. कित्येक दशके तो कर्नाटकाचा आजार समजला जाई. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात त्याची साथ आली आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात केर व आसपासच्या गावांत. नकाशावर पाहिले तर ही गावे वेगवेगळ्या राज्यांत आहेत, पण जंगल एकच आहे. म्हादई आणि तिलारी यांच्या खोऱ्यांतले डोंगर एकमेकांना लागून आहेत आणि माकडांना चेकपोस्ट ठाऊक नाही.

या आजाराचा हंगाम थंडी सरताना सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. पालापाचोळ्यात बसून बोंडे गोळा करणाऱ्या बायामाणसांना गोचिडी चिकटतात. त्यांना ताप येतो, अंग ठणकते, डोळे लाल होतात आणि काहींना रक्तस्राव होतो. सुरुवातीला हा साधा ताप, डेंग्यू की लेप्टो हे कळत नाही. अशा वेळी तापाचे रुग्ण एका ठिकाणी जमा होऊन कोणाच्या तरी अनुभवी नजरेस पडणे महत्त्वाचे असते. वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत तेच रुग्ण विखुरले असते तर प्रत्येक डॉक्टरने एकटा ताप पाहिला असता. रुग्णांचे नमुने तपासायला मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राची मदत झाली, म्हणजे कर्नाटकातली प्रयोगशाळा, महाराष्ट्रातले रुग्ण आणि गोव्यातले रुग्णालय अशी ती साखळी होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, गोव्याने सत्तरीतल्या माकडतापावर लक्ष ठेवायचे असेल तर दोडामार्गातल्या तापाची माहिती गोव्याला हवीच. दोडामार्गचा रुग्ण बांबोळीच्या खाटेवर असणे ही गोव्यासाठी आगाऊ सूचना ठरते. तो शुल्काच्या भीतीने घरीच राहिला, तर आजार घरी राहत नाही.

मांडवीतीर

सह्यकडा, मुद्दा मान्य आहे. तरीही पैशाचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. लहान कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि ती राज्यात किमान पाच वर्षे राहिलेल्यांसाठी आहे. बाहेरच्या रुग्णावर होणारा खर्च कोणत्या खात्यातून येतो? तो सरळ गोव्याच्या आरोग्य खर्चात मिसळतो. २०१८ च्या निर्णयाच्या वेळी मला माणुसकीच्या बाजूने वाईट वाटले होते, कारण शुल्काचा फटका ज्यांना बसला ते सरकारे नव्हती, रुग्ण होते. परंतु हिशेब दोन सरकारांमध्ये व्हायला हवा होता आणि तो आधी कोणी केला नव्हता, म्हणून ती वेळ आली असे माझे आजही मत आहे.

तिलारीकाठ

तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे आणि आमच्या भागातल्या बहुतेक जाणत्या माणसांचेही हेच म्हणणे आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण पूर्वी कुटुंबाला दीड लाख होते, ते पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्यात घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे सिंधुदुर्गच्या रुग्णासाठी महाराष्ट्र सरकारने पैसे बाजूला ठेवलेलेच आहेत. ते पैसे रुग्ण जिथे खरोखर जातो तिथे पोहोचले पाहिजेत, ही २०१८ च्या आंदोलनातली सर्वांत रास्त मागणी होती. योजनेच्या यादीतले रुग्णालय घाटमाथ्यावर आणि रुग्ण बांबोळीत, अशी स्थिती असेल तर कागदावरचे पाच लाख त्या कुटुंबाच्या काहीही उपयोगाचे नाहीत.

कर्लीकाठ

ओरोसविषयी लिहितो. सिंधुदुर्गनगरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२१ मध्ये १०० जागांची परवानगी मिळाली आणि ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. रत्नागिरीचेही त्यानंतर सुरू झाले. पडवे येथे खासगी महाविद्यालय व रुग्णालय आहे. ज्या कोकणात रायगडच्या खाली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, तिथे ही मोठी गोष्ट आहे. मात्र महाविद्यालयाचा फलक लागला म्हणजे बांबोळीची वाट बंद होईल, अशी समजूत करून घेऊ नये.

रात्रपाळी यांनी जे सांगितले तेच कारण आहे. नव्या महाविद्यालयात पहिली काही वर्षे फक्त एमबीबीएसचे विद्यार्थी असतात. ते साडेचार वर्षे शिकतात, मग वर्षभर आंतरवासिता (इंटर्नशिप) करतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम पुढे एकेका विभागात सुरू होतात, आणि रात्री वॉर्ड सांभाळणारी फळी तेव्हा कुठे तयार होऊ लागते. तोवर रुग्णालय म्हणजे जुन्या जिल्हा रुग्णालयाची इमारत, थोडी वाढलेली यंत्रसामग्री आणि प्राध्यापकांच्या काही भरलेल्या, काही रिकाम्या जागा, अशीच स्थिती बहुतेक नव्या महाविद्यालयांत असते. प्राध्यापकांना कोकणात आणणे आणि टिकवणे हे सर्वांत अवघड काम आहे. त्यांच्या मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, राहायची घरे या साध्या गोष्टींवर ते अडते, आणि तपासणीच्या वेळेपुरते दुसऱ्या महाविद्यालयातून अध्यापक बदलीवर आणण्याने काहीच साध्य होत नाही.

मला ओरोसकडून पहिल्या दहा वर्षांत मेंदूशस्त्रक्रियेची अपेक्षा नाही. अडलेली बाळंतीण, सर्पदंश, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग, साधे अस्थिभंग, डायलिसिस आणि अपघातग्रस्ताला स्थिर करून पुढे पाठवणे, एवढे जरी ते चोवीस तास खात्रीने करू लागले तरी बांबोळीकडे जाणाऱ्यांची संख्या पुष्कळ उतरेल आणि जे जातील ते योग्य कारणासाठी आणि योग्य वेळी जातील.

काळीतीर

कारवारकडूनही एक गोष्ट नोंदवतो. आमच्याकडे २०१३ पासून सरकारी वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, म्हणजे कर्लीकाठ यांनी सांगितलेल्या वाटेवर आम्ही काही वर्षे पुढे आहोत. तरीही उत्तर कन्नड जिल्ह्यात अतिविशेष उपचारांचे रुग्णालय हवे, ही मागणी लोक अजून करत आहेत. २०२२ मध्ये उडुपी जिल्ह्यातल्या शिरूरच्या टोलनाक्यावर रुग्णवाहिकेला झालेल्या भीषण अपघातानंतर तिने फार जोर धरला होता. सदाशिवगड-माजाळीकडचे लोक पोळेचा नाका ओलांडून मडगावला किंवा बांबोळीला जातात, भटकळकडचे मणिपालला आणि हल्याळकडचे हुबळी-धारवाडला. लांबलचक जिल्ह्याचे असे तीन दिशांना वाटप झालेले आहे. त्यामुळे नवे महाविद्यालय आल्यावरही मोठ्या रुग्णालयाची गरज संपत नाही, हे अनुभवाने सांगतो.

रात्रपाळी

मे २०२१ चा उल्लेख या चर्चेत यायला हवा, कारण एका प्रदेशाने एकाच रुग्णालयावर टेकून राहण्याचा धोका त्या महिन्यात दिसला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गोमेकॉत ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा दाब रात्रीच्या वेळी पडत होता. सिलिंडर ट्रॉलीवरून आणून जोडायचे आणि त्या बदलाच्या वेळात दाब उतरायचा. पहाटेच्या काही तासांत अनेक रुग्ण दगावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यात लक्ष घातले, आणि पुढे रुग्णालयाच्या आवारात द्रव ऑक्सिजनची मोठी टाकी बसवली गेली. ज्या घरांनी त्या रात्री माणसे गमावली त्यांच्यासाठी ती टाकी फार उशिरा आली.

तिथे काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्या दिवसांत जे सोसले त्याविषयी मला अतिशय आदर आहे. दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. एका रुग्णालयाच्या नळ्या, सिलिंडर आणि माणसे ठरावीक भारासाठी आखलेली असतात. भार अनेक पटींनी वाढला की सर्वांत अशक्त सांधा आधी निखळतो. आजारी माणसे बाजूच्या रुग्णालयांत वाटली जाऊ शकली असती, त्यांच्याकडे स्वतःची ऑक्सिजन वाहिनी आणि अतिदक्षतेच्या खाटा असत्या, तर तोच भार सुसह्य झाला असता. म्हणून म्हापसा, मडगाव, ओरोस आणि कारवार यांना बळकट करणे हे बांबोळीच्या रुग्णांच्या सुरक्षिततेचेच काम आहे.

तिलारीकाठ

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. त्यांतून मला जे करण्याजोगे वाटते ते मांडतो, आणि यात कोणाचे मतभेद असतील तर ते अवश्य सांगावेत.

पहिले म्हणजे गोमेकॉची प्रादेशिक भूमिका दोन्ही सरकारांनी लेखी मान्य करावी. सिंधुदुर्गच्या दक्षिण तालुक्यांतल्या रुग्णाचा खर्च महाराष्ट्राच्या योजनेतून थेट गोमेकॉला मिळावा आणि रुग्णाने खिडकीवर शिधापत्रिका दाखवण्यापलीकडे त्यात पडू नये. वर्षाअखेर किती रुग्ण आले, कोणत्या आजारांचे आले आणि किती रक्कम दिली गेली, हे दोन्ही राज्यांनी प्रसिद्ध करावे. असा ताळेबंद समोर असेल तर गोंयकारांना आपला पैसा कुठे जातो ते दिसेल आणि महाराष्ट्रालाही आपल्या कोणत्या तालुक्यात कोणता विभाग उघडायला हवा ते त्याच आकड्यांतून कळेल.

दुसरे, स्टेमीची साखळी बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले येथपर्यंत वाढवावी. ईसीजीचे यंत्र, औषध आणि प्रशिक्षित परिचारिका यांसाठी लागणारा खर्च नव्या इमारतीच्या मानाने किरकोळ आहे. १०८ ची सेवा दोन्ही राज्यांत आहे, पण नियंत्रण कक्ष वेगळे आहेत. त्यांनी सीमाभागापुरते एकमेकांशी बोलायची पद्धत ठरवावी.

तिसरे, ओरोस आणि बांबोळी या दोन महाविद्यालयांनी शिक्षणाच्या पातळीवर जोडून घ्यावे. विद्यापीठे वेगळी आहेत, हे मला समजते. तरीही ओरोसच्या तरुण अध्यापकाने काही आठवडे बांबोळीच्या ट्रॉमा किंवा नवजात विभागात काम करावे, गोमेकॉच्या वरिष्ठांनी महिन्यातून एखादा दिवस ओरोसला रुग्ण पाहावेत आणि दोघांनी मिळून मृत्यूंचा आढावा घ्यावा, याला कोणत्या विद्यापीठाची हरकत असेल? गोमेकॉने मंडूरला ग्रामीण केंद्र आणि सांताक्रूझला शहरी केंद्र चालवून आपल्या आंतरवासितांना रुग्णालयाबाहेरचे वैद्यक शिकवले. त्याच वृत्तीने सीमेकडे पाहिले तर दोडामार्गचे ग्रामीण रुग्णालय हे त्यांच्यासाठीही शिकण्याचे ठिकाण होऊ शकते.

मांडवीतीर

तिसरा मुद्दा मला सर्वांत अधिक पटला, आणि खरे सांगायचे तर पहिल्याविषयीची माझी हरकतही पुष्कळ कमी झाली. पैशाची पावती दोन सरकारांमध्ये फिरत असेल तर वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हापशाचा आहे की बांद्याचा, याची चौकशी कोणी करणार नाही. फक्त एक अट मी घालीन. योजनेतून आलेली रक्कम राज्याच्या सामान्य तिजोरीत न जाता रुग्णालयाच्याच विकासासाठी, म्हणजे खाटा, परिचारिका आणि नातेवाइकांच्या निवाऱ्यासाठी वापरली जावी. लांबून आलेल्या माणसाबरोबर दोन-तीन नातेवाईक असतात आणि ते रात्र कुठे काढतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निवाऱ्याचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

रात्रपाळी

आणि चिठ्ठीचे काम सरकारची वाट न पाहता उद्यापासून करता येईल. सिंधुदुर्गातल्या ज्या डॉक्टर मंडळींचे या धाग्याकडे लक्ष असेल त्यांना विनंती आहे की, रुग्णाला पुढे पाठवताना आजार कधी सुरू झाला ती वेळ, दिलेले प्रत्येक औषध, त्याची मात्रा व वेळ, नाडी-रक्तदाब, रक्तगट ठाऊक असल्यास तो, आधीची औषधे व ॲलर्जी आणि स्वतःचा फोन क्रमांक एवढे एका कागदावर लिहावे. सर्पदंश असल्यास प्रतिसर्पविषाच्या कुप्या किती दिल्या ते लिहावे, आणि रुग्ण निघण्यापूर्वी कॅज्युअल्टीला फोन करावा. परत येणाऱ्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड गावच्या डॉक्टरने वाचून त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी, कारण पुढची तपासणी चुकली की तोच रुग्ण महिन्याभरात पुन्हा त्याच महामार्गावर असतो.

कर्लीकाठ

रात्रपाळी, या चिठ्ठीचा एक छापील नमुना मराठीत आणि इंग्रजीत तयार करून दिलात तर मी तो आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत आणि खासगी डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेतो.

रात्रपाळी

येत्या रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो. सर्पदंश, हृदयविकार, बाळंतपण आणि अपघात यांसाठी वेगळे रकाने ठेवीन. मांडवीतीर, गोमेकॉत काम करणारे तुमच्या ओळखीचे कोणी असतील तर त्यांच्याकडून तो एकदा तपासून घ्यावा, म्हणजे कॅज्युअल्टीत बसलेल्या माणसाला जे आधी वाचायचे असते तेच कागदावर वर येईल.